गॅदरिंगला पाहुणा कोण?

रात्रीची जेवणं उरकली की घरोघरी टीव्हीवर गाण्याचा शो लागतो. टाळ्यांच्या कडकडाटात पाहुणा कलाकार येतो, मुखडा आणि एखादा अंतरा गातो, मग आपल्या नव्या सिनेमाची तारीख सांगतो. लगेच ब्रेक. चॅनेलचं पोट जाहिरातींवर चालतं, त्यामुळं त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. भांडण आहे ते आपल्याशीच. कारण हाच शो आता आपण गॅदरिंगला बसवायला लागलोय.

सातारा घ्या नाहीतर सांगली, मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, 'सेलिब्रिटी कोण आणायचा?' सिरियलमधला चेहरा येतो, ट्रॅकवर ओठ हलवतो, सेल्फी देतो आणि हायवेला लागतो. बजेटचा मोठा घास तिथंच जातो. वर्षभर ढोलकीवर हात बसवणाऱ्या आपल्याच पोराला मात्र 'भावा, पाच मिनिटांत आटप' असं सांगितलं जातं.

टीव्हीची नक्कल करायचीच तर चांगल्याची करूया की. झी मराठीच्या 'सा रे ग म प'नं गायकांबरोबर वादकांनाही घराघरांत पोचवलं. कमलेश भडकमकरांचं संगीत संयोजन, अमर ओकांची बासरी, निलेश परबांची ढोलकी लोकांना ओळखीची झाली ती तिथूनच. आपल्याकडं गॅदरिंगला किती वादकांची नावं माइकवरून घेतली जातात?

शिवाय पाहुणे कलाकार बोलावून रात्र जागवणं आपल्या मातीला नवं नाही. खटाव तालुक्यातल्या औंधला पं. अंतुबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये संगीत उत्सव सुरू केला. तिकडं मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर मिरजेतच आहे. नावाजलेले गवई तिथं मानधन न घेता गातात. त्याला 'हजेरी लावणं' म्हणतात. (आपल्याला हजेरी म्हटलं की ७५ टक्केच आठवतात, ते सोडा.) तिथं पाहुण्याला काही विकायचं नसतं आणि ऐकणाऱ्याला घाई नसते.

पण म्हणून आपल्या भागातल्या कलाकाराला फुकट बोलावू नका. हजेरी ही त्यांची श्रद्धा, आपली सवलत नव्हे. सेलिब्रिटीसाठी लाखाचा विषय निघतो, आणि शाहीर किंवा ढोलकीवाल्याला नारळ नि शाल देऊन वाटेला लावतात, हे वाईट दिसतं.

यंदा एक तास बाजूला काढा. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथला एखादा कारागीर स्टेजवर बोलवा, भोपळ्यापासून तानपुरा कसा घडतो ते त्याच्या तोंडून ऐका, मग त्याच तानपुऱ्यावर आपल्या कॉलेजच्या पोरीला गाऊ द्या. मानधन आधी ठरवा, पाकीट त्याच रात्री द्या. पत्ता हुडकायला मॅनेजर लागत नाही. मिरज स्टेशनवर उतरायचं आणि सतारमेकर गल्ली विचारायची.