स्टिरॉइड बंद करण्याआधी सकाळी आठचं रक्त

उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथ, बदलापूरपर्यंत आपल्या वस्त्यांत एक पुडी फिरते. कागदात बांधलेल्या तीन-चार सुट्या गोळ्या. नाव नाही, पट्टी नाही. गुडघे धरले, दम लागला, अंगाला खाज सुटली की पुडी घ्या. दुसऱ्या दिवशी माणूस उठून कामावर जातो आणि डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं चार जणांना सांगतो. तो गुण पुष्कळदा पुडीतल्या स्टिरॉइडचा असतो. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही त्याची नावं.

पुडीविरुद्ध आम्ही विहारात, महिला मंडळात बोलत आलो आहोत. पण अलीकडे दुसरं टोक ऐकू येतं : “स्टिरॉइड म्हणजे विष, आजच फेकून द्या.” मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं असतं. हा सल्ला पुडीइतकाच घातक आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. महिनोन्महिने घेतलेली गोळी एका दिवसात तोडली तर माणूस दगावू शकतो.

कारण समजून घ्या. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहान ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. ती रोज कॉर्टिसॉल तयार करते. ताप, जखम, ऑपरेशन, बाळंतपण अशा वेळी शरीराला तोलून धरतं ते हेच. ते किती बनवायचं याचा हुकूम मेंदूकडून येतो. बाहेरून गोळी येऊ लागली की मेंदू हुकूम देणं थांबवतो आणि ग्रंथी आक्रसत जाते. शेजारून रोज डबा येऊ लागला की घरची चूल थंड पडते. एक दिवस डबा आलाच नाही, तर ओली लाकडं लगेच पेट घेत नाहीत. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस गोळी घेतली असेल तर हा धोका धरून चालावं. ग्रंथी जागी व्हायला काहींना आठवडे लागतात, काहींना वर्षभर किंवा त्याहूनही जास्त.

औषध म्हणून स्टिरॉइडला आम्ही नावं ठेवत नाही. दम्याचा जोराचा झटका, काही प्रकारचा संधिवात, किडनीचे काही आजार यांत ते जीव वाचवतं. 1948 मध्ये अमेरिकेत संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. पुढे सोयाबीनपासून ही औषधं स्वस्तात बनवण्याची वाट काढणाऱ्यांत पर्सी ज्युलियन हे कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ होते. त्यांचे आजोबा गुलामगिरीत राबलेले. शिकागोजवळ गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं म्हणून 1950-51 मध्ये त्यांच्या घरावर हल्ले झाले. आपल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. (जिममध्ये पोरं टोचून घेतात ते स्टिरॉइड वेगळं, त्यावर पुन्हा कधीतरी.)

पुडी फार दिवस चालू असली की चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र काटकुळे. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. जरा कुठे आपटलं की काळंनिळं होतं, साखर आणि बीपी वाढतं. आणि गोळी अचानक थांबली की उलटं : उठवत नाही, मळमळतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, अंगदुखी. पेशंटला वाटतं जुनं दुखणं परत आलं आणि तो पुन्हा पुडीवाल्याच्या दारात. नायटा-खाजेवरची आणि गोरं होण्यासाठीची मलमंही यात येतात. जोरदार स्टिरॉइड मलम अंगभर, महिनोन्महिने चोळलं तर तेही रक्तात उतरतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केंद्र सरकारने 2018 मध्ये केला. दुकानात काय चालतं, ते आपण पाहतोच. दम्याचा पंप मात्र या भीतीने कुणी सोडू नये.

मग करायचं काय? गोळी चालू ठेवून सरकारी दवाखान्यातल्या फिजिशियनला गाठायचं. सेंट्रल हॉस्पिटल, छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते. पुडी बरोबर न्यायची, लपवायची नाही. डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतील. प्रेडनिसोलोन रोज साधारण पाच मिलिग्रॅमवर आलं की विचारायचं : “माझं सकाळचं कॉर्टिसॉल तपासता का?”

कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि संध्याकाळी उतरतं. म्हणून रक्त सकाळी आठ-नऊच्या दरम्यानच द्यायचं. दुपारी दिलेल्या रक्तावरून काही ठरत नाही. आदल्या सकाळची गोळी घेतलेली चालते, त्या दिवशीची रक्त दिल्यानंतर घ्यायची. डेक्सामेथासोनचा असर जास्त टिकतो, तिथे डॉक्टर सांगतील तसं. माला-डी, माला-एन घेणाऱ्या बायकांनी ते आधी सांगावं, कारण त्या गोळीने आकडा खोटाच जास्त दिसतो.

युरोप-अमेरिकेतल्या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनांनी 2024 मध्ये दिलेला हिशेब असा : 10 मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली, गोळी थांबवता येते. 5 च्या खाली आलं तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा रक्त. मधे असेल तर छोटा डोस चालू आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी फेरतपासणी. काही वेळा ग्रंथीला जागं करणारं इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने, तासाने रक्त घेतात. परळच्या केईएममध्ये हॉर्मोनच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे, अडलेल्या केससाठी तिथली चिठ्ठी मागावी.

आता आमची खरी तक्रार. आठ वाजता रक्त द्यायचं कुणी? जीन्सच्या कारखान्यात खाडा केला की रोज बुडतो. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेल्याचं शरीराचं घड्याळच उलटं असतं. त्याने थेट पाळीवरून जाऊन रक्त दिलं तर आकडा फसवेल, हे त्याला कुणी सांगत नाही. तपासणी म्हणजे सुईची एक टोच, तरी गरीब माणूस तिच्यापर्यंत पोचत नाही. तिन्ही शहरांच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून निदान एक दिवस सकाळी आठला कॉर्टिसॉलचं रक्त मोफत घेतलं जावं, दिवस आणि वेळ दारावर मराठीत लिहावी, ही मागणी आपण लेखी द्यायला हवी. आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून मागायचं. कालाम सुत्त आपण वर्षावासात ऐकतो. ते काय फक्त नवस-अंगाऱ्याला लावायचं आणि पुडी डोळे मिटून गिळायची?

ग्रंथी जागी झाल्याचं कळेपर्यंत आधार कार्डाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा : कोणती गोळी, किती, कधीपासून. ताप आला तर डोस वाढवावा लागतो, किती ते आधीच लिहून घ्या. नागपूरला दीक्षाभूमीवर निघताना चार दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, अपघात झाला, दात काढायचा किंवा ऑपरेशन असेल, तर पहिलं वाक्य हेच : “मी स्टिरॉइडवर आहे किंवा होतो.” अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन वेळेत मिळालं तर बेशुद्धीकडे चाललेला माणूस परत फिरतो. पेशंटला बोलता येत नसेल, तर हे वाक्य बरोबरच्या माणसाने बोलायचं.