रक्त किती आहे, ते विचारा

नौपाड्यातील आमच्या शेजारच्या वहिनींना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. सोबत म्हणून मी एक दिवस रजा टाकून परळला गेलो. स्टेशनचा जिना चढताना त्या तीनदा टेकल्या. भाऊ म्हणाले, "बाईमाणसाला अशक्तपणा असायचाच."

रुग्णालयात हिमोग्लोबिन निघाले ७.४. बाईमाणसाचे १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. त्या दिवशीचे केमोचे सलाईन राहिले, आधी रक्त चढवावे लागले. इकडचे जुने रिपोर्ट पिशवीत होतेच. १०.१, मग ९.३, मग ८.५. मी दिवसभर कचेरीत आकडे लिहिणारा माणूस, पण ती पिशवी मीही कधी उघडली नव्हती. लोहाच्या गोळ्याही लिहून दिलेल्या होत्या. वहिनी त्या चहाबरोबर घेत. पुढे शौचाला काळे होते म्हणून घाबरून बंदच केल्या. लोहाने शौचाला काळे होते, पण ते डांबरासारखे चिकट असेल तर आतून रक्त जात असू शकते, डॉक्टरांना सांगावे. आणि चहाने लोह अंगी लागत नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

कर्करोगात रक्त अनेक वाटांनी उतरते. अंगावरून जाते, तोंडाची चव जाऊन जेवण तुटते, केमोने हाडातील मगज दबतो आणि नवे रक्त कमी तयार होते. काही औषधांनी मूत्रपिंडावर ताण येतो. रक्त तयार करण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. शिवाय आजारामुळे अंगातले लोह अडकून पडते. गोदामात माल आहे, पण दाराला कुलूप, असा प्रकार. म्हणून बीट, खजूर, टॉनिक यांच्यावर विसंबून चालत नाही. कारण कोणते, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. रक्त कमी असले तर गाठीला प्राणवायू कमी पोचतो आणि शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा, परिणामही उणा पडू शकतो.

त्यात आपल्या बायका आजाराआधीच उण्या असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणून दोन पाळ्यांच्या मधे, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले तर लाजू नये, त्याच आठवड्यात दाखवावे. वहिनींनी सहा महिने लपवले होते.

रक्ताची एक बाटली चढवली की हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढते. तेव्हा वहिनींना दोन लागल्या. महिना मे. आपली शिबिरे १४ एप्रिलला जोरात होतात, पण साठवलेले रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकते, आणि सुटीत देणारे गावी गेलेले. चाळीतली चार पोरे तयार झाली. एकाचे वजन ४५ किलो भरेना. दुसरा चांगला धडधाकट, रोज ओझी उचलणारा. त्याचे हिमोग्लोबिन ११.८ निघाले. रक्त द्यायला १२.५ लागते. तो बिचारा ओशाळला. त्यालाच उलट औषध सुरू झाले. त्याच्या जागी मी झोपलो, माझे १३.१ भरले.

वहिनींचे राहिलेले सलाईन आठ दिवसांनी लागले. आता रिपोर्ट हातात आला की त्या आधी चष्मा मागतात.