आधी खोली जाते, मग बँड

जयपूर हे नाव मराठी कानाला शहराआधी घराण्याचे वाटते. राजस्थानातल्या उनियाऱ्यात १८५५ साली जन्मलेले अल्लादियाखाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात आले. शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांना घर मिळाले, दरबारी नेमणूक मिळाली, शिकवायला निवांतपणा मिळाला. पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून जयपूर-अत्रौली गायकी महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. विद्या खाँसाहेबांची होती. ती रुजायला लागणारी जागा आणि पोटाची हमी कोल्हापूरने दिली.

त्याच जयपूरच्या मानसरोवरात आज चार मुलांनी गिटार, बेस, ड्रम आणि गळा एकत्र आणायचे ठरवले, तर त्यांनी बसायचे कुठे? राजस्थान आवासन मंडळाने वसवलेली ही अवाढव्य वसाहत. मध्यम मार्ग, रजत पथ, स्वर्ण पथ, वरुण पथ अशी रस्त्यांची देखणी नावे. २०१५ पासून जयपूरची मेट्रो इथून सुटते. क्लास आहेत, बाग आहे, लग्नांसाठी ‘मॅरेज गार्डन’ आहेत. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात ड्रम वाजवता येत नाही, आणि सामुदायिक केंद्राचे दिवसाचे भाडे साखरपुड्याला परवडते, आठवड्यातून तीनदा होणाऱ्या सरावाला परवडत नाही. मानसरोवरच्या जागी डोंबिवली, पिंपरी किंवा नाशिकचे सिडको ठेवले, तरी प्रश्न तोच राहतो.

बँड जन्मतात ते बहुधा अशाच उपनगरांत. लंडनच्या पश्चिमेला रेल्वेने तासाभराच्या आत गाठता येणारे रेडिंग हे असेच गाव. लहानपणापासून एकमेकांना ओळखणाऱ्या रेचल गॉसवेल आणि नील हॉलस्टेड यांनी १९८९ मध्ये तिथे ‘स्लोडाइव्ह’ उभा केला. त्यांच्या संगीताला पुढे ‘शूगेझ’ म्हटले गेले, म्हणजे बुटांकडे टक लावून वाजवणे. गिटारचा सूर पायाखालच्या अनेक पेडलांतून फिरवायचा, म्हणून वादकांची नजर सतत खाली. नावात चेष्टा होती, पण सूर विलक्षण होते. तानपुऱ्याची जवारी जुळली की तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत, एक झंकार खोलीभर पसरतो. तसा गिटारांचा दाट थर आणि त्यात अर्धा बुडालेला, कुजबुजता गळा. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’, ऑक्सफर्डचा ‘राइड’ आणि लंडनचा ‘लश’ हे याच वाटेवरचे सोबती.

या विशीतल्या मुलांना हात दिला ॲलन मॅगी यांच्या ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’ने. ही कंपनी उभी राहताना मॅगी यांना सरकारी योजनेचा आधार मिळाला होता. बेरोजगाराने स्वतःचा धंदा सुरू केल्यास ब्रिटनची ‘एंटरप्राइज अलाउन्स’ योजना आठवड्याला ४० पौंड देई. रक्कम फार मोठी नव्हती, पण अशाच आधारावर उभ्या राहिलेल्या कंपनीने पुढे ‘ओॲसिस’ जगापुढे आणला.

स्लोडाइव्हचा पहिला अल्बम १९९१ मध्ये आला, दुसरा ‘सुवलाकी’ १९९३ मध्ये. त्यातल्या दोन गाण्यांवर ब्रायन ईनोने काम केले. तोवर वारे फिरले होते. ज्या संगीत साप्ताहिकांनी या मुलांना डोक्यावर घेतले होते, त्यांनीच टिंगल सुरू केली. ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’च्या रिची एडवर्ड्सने तर आपण स्लोडाइव्हचा हिटलरपेक्षा जास्त तिरस्कार करतो, असे म्हणून टाकले. १९९४ मध्ये ओॲसिसचा पहिला अल्बम आला आणि ब्रिटपॉपच्या लाटेत खाली मान घालून वाजवणाऱ्यांना जागा उरली नाही. १९९५ च्या फेब्रुवारीत स्लोडाइव्हचा तिसरा अल्बम ‘पिग्मेलियन’ बाजारात आला आणि आठवडाभरातच क्रिएशनने त्यांचा करार संपवला. बँडही संपला.

रेचल आणि नील यांचे प्रेमाचे नाते ‘सुवलाकी’च्या काळातच तुटले होते. तरी ते एकत्र वाजवत होते, पुढचा अल्बम करत होते. ताटातूट या बँडने पचवली. पाठीमागचा हात निघून गेला, ते मात्र पचले नाही. बँड फुटला की आपण लगेच विचारतो, कुणाचे कुणाशी बिनसले? त्याआधी भाडे कोण भरत होते, हे विचारायला हवे.

मुंबईतल्या ‘रॉक मशीन’ची कहाणी तपासली तर तिथेही हाच प्रश्न उभा राहतो. १९८४ मध्ये सुरू झालेला हा बँड आधी परदेशी गाणी वाजवत असे. उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर गिटार वाजवायचे. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम आला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले आणि त्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आणला. त्याच वर्षी अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने विक्रीचे नवे गणित मांडले. कंपन्यांचे पैसे आणि वाहिन्यांचा वेळ हिंदी पॉपकडे वळला. १९९७ मध्ये इंडस क्रीड विखुरला.

दोन्ही बँड परतले. स्लोडाइव्ह मे २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या महोत्सवात पुन्हा मंचावर आला आणि २०२३ च्या अल्बमने ब्रिटनच्या यादीत सहावा क्रमांक गाठला. उमेदीच्या दिवसांत पहिल्या दहांत ते कधीच पोचले नव्हते. इंडस क्रीड २०१० मध्ये परतला. २०१२ च्या ‘इव्हॉल्व्ह’चे मिक्सिंग ‘पर्ल जॅम’चा ‘टेन’ मिक्स करणाऱ्या टिम पामर यांनी केले. पण एव्हाना मुंबईत एक जागा नाहीशी झाली होती.

ती जागा म्हणजे धोबी तलावचे रंगभवन. या खुल्या नाट्यगृहात १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली, सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक तिथे वाजवून गेला. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला आणि कॉलेजातली पोरे पावसात भिजत आपल्याच शहरातल्या बँडना ऐकू लागली. शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि पुढच्या काही वर्षांत रंगभवनातल्या मैफली थांबल्या.

रुग्णालयातल्या माणसाला शांतता मिळालीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. दु:ख याचे आहे की रंगभवन गेले तेव्हा त्या तोडीची, तितकीच स्वस्त दुसरी जागा शहराने उभी केली नाही. २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला आणि नव्या बँडना मोठा मंच मिळाला. पण महोत्सव वर्षातून एकदा येतो. बँडला आठवड्यातून तीनदा भेटायला जागा लागते.

मराठी माणसाला हे नाटकाच्या अनुभवावरून ठाऊक असायला हवे. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ला १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल मिळाला. साधा शाळेचा हॉल. पण त्याने प्रायोगिक रंगभूमीची एक अख्खी पिढी घडवली, आणि आजही आपण त्या काळाला एखाद्या लेखकाच्या नावाने ओळखत नाही, ‘छबिलदास चळवळ’ म्हणतो. रॉकला, हिप-हॉपला, मराठीत नव्याने गाणी रचणाऱ्या पोरांना असे छबिलदास कुणी दिले?

आता लॅपटॉपवर एकट्यानेही गाणे होते, मग खोली कशाला, असे म्हणणारे आहेत. गाणे होते, हे खरेच. पण बँड म्हणजे चौघांनी एकमेकांचे ऐकत चुकणे आणि सावरणे. ते हेडफोन लावून एकेकट्याने साधत नाही. शेजाऱ्यांना त्रास होईल ही तक्रार जास्त रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्याच ध्वनिनियमांत आहे. रात्री दहानंतरची ध्वनिक्षेपकावरची बंदीसुद्धा सभागृह, सामुदायिक हॉल अशा बंदिस्त जागांतल्या वापराला सवलत देते. म्हणजे कायद्याला भिंती चालतात. त्या नीट बांधायच्या, आतून ध्वनिरोधक करायच्या, एवढेच काम उरते.

हे काम पालिका आणि गृहनिर्माण मंडळांनी अंगावर घ्यावे. मानसरोवरातल्या एका सामुदायिक केंद्रात एक खोली, महाराष्ट्रातल्या प्रत्येक महापालिकेच्या किमान एका शाळेत संध्याकाळी सहा ते दहा एक वर्ग. एक ड्रमसेट, दोन अँप्लिफायर, तासाला चहा-वड्याइतके शुल्क आणि नावे लिहायला एक वही. पहिल्या वर्षी त्या वहीत दहा बँडची नावे आली आणि वर्षअखेरीस त्यांतले नऊ फुटले, तरी पैसे वाया गेले असे कुणी मानू नये. त्या नऊ बँडमधली मुले पुन्हा कुठेतरी एकत्र येतील. क्रिएशनने दार लावल्यावर स्लोडाइव्हमधल्या तिघांनी ‘मोजावे थ्री’ उभा केला. इंडस क्रीड विखुरल्यावर उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, आणि तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा नवा बँड सुरू केला.