तालुक्याच्या गावी मनाचा दवाखाना हवा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे दोन तालुके. एकात रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्यात कुरकुंभची. दोन्हींत ऊस, कारखाने आणि हंगामाबरोबर येणारी-जाणारी माणसे. या तालुक्यांची प्रगती नेहमी टनांत आणि एकरांत मोजली जाते. तेथे वाढणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या मनाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

काही मुलांच्या भावनांचा तोल वारंवार आणि तीव्रतेने ढळतो. आज जिवलग वाटणारे माणूस उद्या वैरी वाटते. आपल्याला टाकून देतील या भीतीने जीव व्याकूळ होतो. संतापाच्या भरात मूल स्वतःलाच इजा करून घेते. वैद्यकशास्त्रात याला सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. गाव मात्र ‘नाटके करते’, ‘बाहेरचे लागले आहे’ असे म्हणून मोकळे होते आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाची घाई करते. अठरा वर्षांच्या आत हे निदान करूच नये, असा समज पूर्वी डॉक्टरांतही होता. लक्षणे वर्षभर टिकून असतील तर ते करता येते आणि उपचार लवकर सुरू होणे हिताचे असते, हे आता मान्य झाले आहे.

हा विकार बरा करणारे औषध नाही. मुख्य उपचार संवादाचाच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी त्याची एक पद्धत घडवली व 1991 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ती किशोरवयीनांसाठी बेतण्यात आली. तीत भावनांची लाट ओसरेपर्यंत स्वतःला सावरण्याची कौशल्ये मुलाबरोबर पालकांनाही शिकवतात. ऑस्लो येथे 77 मुलामुलींवर झालेल्या व 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 19 आठवड्यांच्या अशा उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रमाण कमी झाले.

आता हे 19 आठवडे दौंडच्या एखाद्या मजूर कुटुंबाच्या दृष्टीने पाहावेत. पुणे 75 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे 19 फेऱ्या, 19 दिवसांची बुडालेली मजुरी आणि मुलाची तितकीच बुडालेली शाळा. शिवाय ‘येरवडा’ हा शब्दच आपल्या बोलण्यात टोमणा होऊन बसलेला. शहरातील खाजगी समुपदेशकाची फी ज्यांना परवडते, त्यांच्याच मुलांचे मन दुरुस्त व्हावे, अशी ही व्यवस्था आहे.

तज्ज्ञ आणायचे कोठून, असा प्रश्न सरकारी गोटातून हमखास विचारला जाईल. त्याला मेलबर्नचे उत्तर आहे. तेथे 15 ते 25 वयाच्या 139 तरुणांवर झालेल्या व 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, खास मानसोपचार मिळालेले आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून साधी पण नियमित, जिव्हाळ्याची सेवा मिळालेले, दोघेही जवळजवळ सारखेच सुधारले. महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावच्याच माणसांना मानसिक आधार देण्यास शिकवले. अर्थात, हा विकार केवळ स्वयंसेवकांवर सोपवण्याजोगा नाही, आणि आधीच मानधनावर राबणाऱ्या आशाताईंवर आणखी एक फुकटचे ओझे लादणे तर अन्यायच होय.

म्हणून मागणी नेमकी हवी. शिरूर व दौंड येथील सरकारी रुग्णालयांत प्रत्येकी किमान एक कायम, पगारी, प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. त्याला पुण्यातील तज्ज्ञांचे दर आठवड्याला मार्गदर्शन मिळावे. आणि शाळांतील शिक्षकांना मूल कोणाकडे पाठवावे, एवढे तरी ठाऊक असावे. ‘टेलि-मानस’चा 14416 हा दूरध्वनी 2022 पासून चालू आहे, संकटात तो उपयोगी आहे, पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचाराची जागा तो घेऊ शकत नाही.

ही मागणी दयेची नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने परवडणारा उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची शुश्रूषा करणे, हे त्याच कायद्याने सरकारचे कर्तव्य मानले आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 सालचा. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही हा हक्क तालुक्याच्या गावी पोहोचत नसेल, तर त्याचा जाब जिल्हा परिषदेत आणि विधानसभेत विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याचे काम शिरूर-दौंडच्या पालकांनी, शिक्षकांनी आणि कामगार संघटनांनी हाती घ्यावे.