गार्डचा खर्च दरात धरा

मुळशी तालुक्यात पिरंगुटपासून घोटवड्यापर्यंत फॅब्रिकेशनच्या कुठल्याही शेडमध्ये डोकावा. चार इंची ग्राइंडर हमखास दिसेल आणि बहुतेक ठिकाणी त्याचा गार्ड काढलेला असेल. विचारलं की उत्तर ठरलेलं: कोपऱ्यात डिस्क पोचत नाही, आणि गार्ड असला की मोठी डिस्क बसत नाही. मी याच पट्ट्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं, आता दुरुस्तीची छोटी शेड चालवतो. हे उत्तर देणारी पोरं आळशी नाहीत की अडाणी नाहीत. आपण काय करतोय ते त्यांना पुरतं ठाऊक असतं. तरीही ती गार्ड काढतात, आणि त्यामागचं कारण शेडच्या बाहेर आहे.

आधी यंत्राचा हिशेब सांगतो. हा ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. चार इंची डिस्कची कड तेव्हा ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगानं पळते. कटिंग डिस्कवर सेकंदाला 80 मीटर, म्हणजे ताशी 288 किलोमीटर, ही मर्यादा छापलेली असते. त्याच ग्राइंडरवर सात इंची डिस्क चढवली की कडेचा वेग ताशी 370 च्या वर जातो. अशी डिस्क फुटली तर तुकडा कुठे घुसेल याचा नेम नाही. गार्ड नुसत्या ठिणग्या अडवत नाही, तो चुकीची डिस्क बसूही देत नाही. काही जण तर ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावतात. दात लाकडात अडकला की यंत्र उसळतं, आणि बटण पुढे सरकवून अडकवलेलं असल्यानं हातातून सुटलं तरी फिरतच राहतं.

पिंपाची गोष्ट याहून वाईट. थिनरचं 200 लिटरचं पिंप रिकामं झालं की ते कापून पाण्याला किंवा कचऱ्याला वापरायचा, ही सर्रास पद्धत. पण रिकाम्या पिंपात वाफ उरलेली असते, ती हवेत मिसळलेली असते आणि कटिंगची एक ठिणगी तिला पुरते. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 37 व्या कलमात हे स्पष्ट लिहिलं होतं: ज्वालाग्राही पदार्थ ठेवलेलं भांडं, तो पदार्थ आणि त्याची वाफ पूर्ण काढल्याशिवाय वेल्डिंगला किंवा कटिंगला घ्यायचं नाही.

मी जुगाडाच्या विरोधात नाही. हातातल्या सामानातून वाट काढणं हा कारागिराचा खरा गुण आहे. माझ्या माहितीतल्या एका ऑपरेटरला पॉवर प्रेसवर पत्र्याचा छोटा तुकडा बोटांनी डायमध्ये ठेवावा लागायचा. त्यानं भंगारातल्या स्पीकरचं लोहचुंबक पट्टीच्या टोकाला बसवलं आणि पत्रा त्या पट्टीनं सरकवायला लागला. बोटं डायच्या बाहेर राहिली. दुसरीकडे मी अशीही प्रेस पाहिली आहे, जिची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची, पण एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं. त्यानं एक हात मोकळा होतो आणि नेमका तोच डायखाली जातो. दोन्हींना आपण जुगाडच म्हणतो. माझी कसोटी साधी आहे: हात धोक्यापासून लांब गेला की जवळ आला? लांब नेणाऱ्याला शाबासकी द्या. जवळ आणणारा तिथल्या तिथे बंद करा.

आता गार्ड का निघतो, त्याचं शेडबाहेरचं कारण सांगतो. प्रेसवरच्या माणसाला नगावर पैसे मिळतात. त्याच्या मालकाला जॉबवर्क देणारी कंपनी दर घासून घेते. आमच्याकडे फार्महाऊसचं गेट करून घ्यायला येणारा माणूस भाव पाडतो आणि वर शनिवारी बसवून पाहिजे म्हणतो. योग्य डिस्क, गॉगल, पिंप धुण्यात जाणारा अर्धा दिवस, यातलं काहीच त्या भावात बसत नाही. मग कात्री लागते ती गार्डला.

सरकार बघेल म्हणाल, तर जुन्या कारखाने कायद्यात कारखान्याची मूळ व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून सुरू व्हायची. 2020 च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेनं हा आकडा वीसवर नेला. आमच्या बहुतेक शेडमध्ये चार-सहा माणसं असतात. तिथे निरीक्षक यायचा तरी कशाला?

मोठ्या कारखान्यात तरी काय होऊ शकतं, हे मुळशीनं पाहिलं आहे. 7 जून 2021 ला उरवड्याला पाणी शुद्धीकरणाची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. 17 कामगार गेले, त्यांत 15 बाया. आत अडकलेल्यांपर्यंत पोचायला जेसीबीनं भिंत फोडावी लागली. तिथलं काम वेगळं, यंत्रं वेगळी. पण बाहेर पडायची वाट काय किंवा यंत्राचा गार्ड काय, त्याचे पैसे आधीच मोजायचे असतात. नंतर मोजून माणूस परत येत नाही.

म्हणून माझी मागणी काम देणाऱ्यांकडे आहे. जॉबवर्क देणाऱ्या कंपन्यांनी ऑर्डरमध्ये सुरक्षेच्या खर्चाची वेगळी ओळ लिहावी आणि ते पैसे घासाघीस न करता द्यावेत. स्वतःच्या गेटच्या आत हेल्मेटशिवाय कुणाला सोडत नाहीत, तोच नियम आपला माल जिथे बनतो त्या शेडलाही लावावा. हार्डवेअरच्या दुकानदारांनी चार इंची ग्राइंडरसाठी सात इंची डिस्क मागणाऱ्याला ती देऊ नये. आणि घराला ग्रिल किंवा गेट करून घेणाऱ्या प्रत्येकानं कोटेशन हातात घेताना एवढं विचारावं: ग्राइंडरला गार्ड आहे का, पोराला गॉगल आहे का? नसेल तर त्यासाठी दोन दिवस जास्त द्या आणि त्याचे पैसेही द्या. भाव पाडून वाचवलेले पैसे कुणाच्या तरी बोटांतून वसूल होतात, आणि त्या व्यवहारात आपण सगळे भागीदार असतो.