स्वदेशीच्या पुढचे पाऊल

२०२० साली सुरू झालेले ‘कू’ हे भारतीय समाजमाध्यम जुलै २०२४ मध्ये बंद पडले. मोठ्या कंपन्यांशी भागीदारीची बोलणी फसली आणि लाखो देशबांधवांचा संवाद खंडित झाला. मालक आपला होता, पण घर भाड्याचेच होते. स्वदेशीला स्वायत्ततेची जोड नसेल तर काय होते, याचा हा धडा आहे.

‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ या खुल्या संवादप्रणालीला २०१८ साली जागतिक प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. तिच्यावर चालणारे ‘मॅस्टोडॉन’ किंवा त्याहून हलके ‘गोटूसोशल’ कोणीही विनामूल्य घेऊन स्वतःच्या संगणकावर चालवू शकतो; ‘गोटूसोशल’ला तर लहानसा संगणकही पुरतो. प्रत्येक केंद्र स्वतंत्र, तरीही परस्परांशी जोडलेले. जणू स्वयंपूर्ण ग्रामांचे जाळेच. एक केंद्र विझले तरी जाळे तुटत नाही.

मात्र स्वातंत्र्य फुकट मिळत नाही. सुरक्षा, माहितीची जपणूक आणि सभ्यतेची राखण ही नित्याची कामे स्वतःच करावी लागतात. ती निष्ठेने करणारे दोन कार्यकर्ते मिळाले तर एखादे ग्रंथालय वा शाळा असे केंद्र सहज उभारू शकेल. परक्यांच्या ओसरीवर बसून गाऱ्हाणी मांडण्यापेक्षा आपली ओसरी आपणच सारवणे श्रेयस्कर!