समीक्षकाच्या कानालाही जात असते

“संगीताला जात नसते” हे वाक्य आपल्याला कोण ऐकवते, ते एकदा नीट पाहा. मैफलीत पुढच्या रांगेत बसून दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणारे ऐकवतात. हलगी वाजवणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य आम्ही अजून ऐकलेले नाही.

आमचे भांडण सुरांशी नाही. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आमचे भांडण आहे ते सुरांचा न्यायनिवाडा करणाऱ्या खुर्चीशी. ही खुर्ची कशी चालते, हे समजण्यासाठी न्यूयॉर्कचे एक उदाहरण घेऊ. ते लांबचे असले तरी परके नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. पुढे १९७२ साली पँथरचे नावही तिकडूनच आले.

विल्यम ग्रँट स्टिल हे कृष्णवर्णीय संगीतकार. त्यांचा ‘ट्रबल्ड आयलंड’ हा ऑपेरा ३१ मार्च १९४९ रोजी न्यूयॉर्क सिटी ऑपेराने रंगमंचावर आणला. विषय हैतीच्या गुलामांच्या क्रांतीचा, त्या क्रांतीचा नेता देसालीन याचा. संहिता मुख्यतः लँग्स्टन ह्यूज यांची. अमेरिकेतील मोठ्या ऑपेरा कंपनीने कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा करण्याची ही पहिलीच वेळ होती.

आता भूमिका कोणाला मिळाल्या ते बघा. गुलामगिरी फोडणाऱ्या देसालीनची भूमिका रॉबर्ट वीड या गोऱ्या गायकाने केली, चेहऱ्याला काळा रंग लावून. रॉबर्ट मॅकफेरिन हा कृष्णवर्णीय बॅरिटोन त्याच प्रयोगात दुय्यम भूमिकेत होता. मालकाविरुद्ध उठलेल्या गुलामाचे गाणेसुद्धा मालकाच्याच रंगाच्या गळ्याला दिले गेले!

प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. परीक्षणांचा सूर मात्र थंड होता. संगीतात नवे फारसे नाही, ब्रॉडवे-हॉलिवूडच्या साच्यांची सरमिसळ आहे, असा आक्षेप घेतला गेला. तीन प्रयोग झाले आणि ऑपेरा बंद पडला. समीक्षकांनी आधीच संगनमत केले होते, असे स्टिल यांचे म्हणणे होते.

कट झाला होता की नाही, या वादात आम्हाला पडायचे नाही. आमचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. कट करण्याची गरजच नसते. एकाच वस्तीत वाढलेले, एकाच प्रकारच्या शाळेत शिकलेले, एकच संगीत ‘अभिजात’ म्हणून ऐकत आलेले लोक न ठरवताही एकच मत देतात. पिअर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली हेच मांडले : अभिरुची आभाळातून पडत नाही, ती वर्गातून येते. आपल्याकडे ती जातीतून येते, एवढीच भर आम्ही घालू.

न्यूयॉर्कचेच मेट्रोपॉलिटन ऑपेरा १८८३ साली उघडले. तिथे पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका, मॅरिअन अँडरसन, उभी राहायला १९५५ साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय ५७ होते. त्याच महिन्यात मॅकफेरिनही तिथे गायले. कृष्णवर्णीय संगीतकाराची कृती तर तिथे थेट २०२१ साली आली, टेरेन्स ब्लँचर्ड यांची. म्हणजे १३८ वर्षे! या सगळ्या काळात ‘फक्त गुणवत्ता’ हाच शब्द चालू होता. आरक्षणाच्या वादात हा शब्द आपण रोज ऐकतो.

आता आपल्याकडे या. मराठीतली मैफलीची परीक्षणे काढा आणि विशेषणे मोजा. घरंदाज, खानदानी, सात्त्विक, संस्कारी. ही गाण्याची विशेषणे आहेत की घराण्याच्या वंशावळीची? आणि भीमगीतांच्या कार्यक्रमाला हजारो माणसे जमतात, तेव्हा बातमी कशाची होते? गर्दीची आणि वाहतूक कोंडीची. गायकाने सूर कसा लावला, ढोलकीने लय कशी धरली, यावर एक ओळ नसते.

मग आपल्या माणसाचे गाणे वाईट असले तरी चांगले म्हणायचे का? मुळीच नाही. इथे आपणही दोषी आहोत. जयंतीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आपण ‘एक नंबर’ लिहून पुढे पाठवतो. शब्द ढिसाळ होते, सिनेमाची चाल उचलली होती, ध्वनिक्षेपकाने गायिकेचा आवाज गिळला होता, हे कोणी लिहीत नाही. ज्या कलेची कठोर समीक्षा होत नाही, तिला कोणी गंभीरपणे घेत नाही. कौतुक म्हणजे सन्मान नव्हे.

म्हणून ‘ते त्यांचे संगीत’ म्हणून उठून येणे आम्हाला मान्य नाही. शास्त्रीय मैफलीला जा, ऑपेरा बघा, शाहिरी जलसा ऐका आणि तिन्हींवर लिहा. कोण गातो, कोण ऐकतो, तिकीट कोणाला परवडते, तबल्याचे चामडे कोणी कमावले, हे विचारा. आणि सूर कुठे लागला, कुठे सुटला, हेही तेवढ्याच बारकाईने सांगा. येत्या जयंतीला प्रत्येक वस्तीतून एका तरी तरुणाने किंवा तरुणीने आपल्या कार्यक्रमाचे पानभर प्रामाणिक परीक्षण लिहावे. खुर्ची कोणी आणून देणार नाही. आपली आपणच टाकून बसायचे आहे.

जयभीम!